'अर्धा सिकलसेल' असा आजार नसतो

मा. संपादक,

जागतिक सिकलसेल दिनानिमित्त १९ जूनच्या अंकातला या आनुवंशिक रक्तविकारावरचा मजकूर वाचला. तपासणी शिबिरं, गोळ्या, लग्नाआधी रक्त तपासा, सगळं आलंय. पण वाहक म्हणजे कोण हे तुम्ही एका वाक्यात उरकलंत, आणि आमच्याकडे घोळ तिथेच होतो. "मंग माही पोरगी अर्धी बिमार हाय का जी सर?" एका आईनं रिपोर्ट पुढे करत मला विचारलं होतं. कागदावर नुसतं 'एएस' लिहिलेलं, म्हणजे वाहक. पुढे तो ट्रंकेत गेला आणि सोयरिकीच्या वेळी कुणाला दाखवलाच नाही.

दहावीच्या पोरांना हे शिकवताना मला कामी आला तो शास्त्रज्ञ व्हर्नन इन्ग्रॅम यांचा केंब्रिजमधला प्रयोग. हिमोग्लोबिन म्हणजे लाल पेशीतलं ऑक्सिजन वाहणारं प्रथिन. सिकलसेलमध्ये त्याच्यावरचा विद्युतभार वेगळा असतो, हे रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांच्या गटानं १९४९ मध्येच दाखवलं होतं. फरक नेमका कुठे, ते कळत नव्हतं. इन्ग्रॅमनी ट्रिप्सिन या विकरानं हिमोग्लोबिनचे तुकडे केले. त्याचा थेंब फिल्टर पेपरवर ठेवून आधी एका दिशेनं वीज दिली, मग कागद फिरवून त्यात द्रावण चढू दिलं. निनहायड्रिन हे रंग आणणारं रसायन लावल्यावर तुकड्यांचे ठिपके उमटले. निरोगी आणि सिकलसेलचे कागद शेजारी ठेवले, तर बाकीचे ठिपके जुळत होते, एकच सरकलेला. त्या तुकड्यात ग्लुटामिक आम्ल या अमिनो आम्लाच्या जागी व्हॅलिन हे दुसरं बसलं होतं. ५७४ अमिनो आम्लांच्या रेणूत बदल दोनच ठिकाणी, तेही रेणूच्या चार साखळ्यांपैकी बीटा साखळ्या दोन म्हणून! जनुकातल्या एका अक्षराची ही करणी. ऑक्सिजन सुटला की असे रेणू एकमेकांना चिकटून धागे होतात, पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. मग त्या जीवघेण्या कळा.

इन्ग्रॅमचा शोध १९५७ चा. १९५८ मध्ये नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांचा मध्य भारतातल्या सिकलसेलवरचा लेख 'लॅन्सेट'मध्ये आला. आमच्या पाठ्यपुस्तकात मात्र आनुवंशिकता म्हणजे मेंडेलच्या वाटाण्याच्या शेंगाच जास्त. स्केचपेनचा काळा ठिपका आणि पाण्यात बुडवलेली फिल्टर पेपरची पट्टी यांवर रंग वेगळे होताना पाहिलेलं पोर इन्ग्रॅमचा कागद लगेच समजतं, हा माझा अनुभव.

जनुकाची एक प्रत आईकडून येते, एक वडिलांकडून. दोन्ही बदललेल्या तर एसएस, म्हणजे रुग्ण. एकच बदललेली तर एएस, म्हणजे वाहक. त्याच्या पेशीत नेहमीचं हिमोग्लोबिनही भरपूर असतं, त्यामुळे सहसा त्रास होत नाही. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक खेपेला मूल एसएस असण्याची शक्यता चारात एक. वाहकानं निरोगी जोडीदार केला तर एसएस मूल होत नाही. मात्र 'निरोगी' कशावरून, ते नीट बघावं. शिबिरातल्या सोल्युबिलिटी या झटपट चाचणीत थॅलेसेमिया या हिमोग्लोबिनच्याच दुसऱ्या आनुवंशिक आजाराचा वाहक सापडत नाही, आणि सिकल-थॅलेसेमियाचं मूलही रुग्णच असतं. हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही तपासणी करायलाच हवी. ती न करता सोयरीक मोडणारे पाहिलेत, जुळवणारेही.

आपल्या विद्यार्थी पुरवणीत अर्धं पान द्या. ते दोन कागद शेजारी शेजारी छापा, सरकलेला ठिपका लाल करून. चित्र मी काढून पाठवतो.

— एक निवृत्त विज्ञान शिक्षक, चंद्रपूर