शोधाची बातमी छापता, तशी त्याची पुढची हकिगतही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या अंकातल्या विज्ञानाच्या बातम्या आमच्या घरच्या ग्रुपवर नेमाने जातात. भाऊ-वहिनी, त्यांची मुलं, आमची मावशी आणि मी असे सगळे वेगवेगळ्या ठिकाणी राहतो. कुणाला विज्ञान-तंत्रज्ञानातलं काही नवं सापडलं, की ते सगळ्यांपुढे येतं. एरवी फोनवर तब्येतीची चौकशी झाली की बोलणं संपायचं. आता भाचेमंडळी आपणहून बोलतात, वाद घालतात. हे अनेक घरांत घडत असेल आणि घडावं, असं मला मनापासून वाटतं. पण वाचक म्हणून एक उणीव सतत जाणवते, ती कळवण्यासाठी हे पत्र. शोध लागल्याची बातमी सगळीकडे ठळक येते. त्या शोधाचं पुढे काय झालं, हे फारसं कुणी सांगत नाही.

जुलै २०२३ मधलं एलके-९९ चं प्रकरण घ्या. आपण बनवलेला एक पदार्थ साध्या तापमानाला आणि नेहमीच्या हवेच्या दाबाला अतिवाहक होतो, म्हणजे त्यातून वीज जाताना जराही रोध होत नाही, असा दावा दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी केला. चुंबकावर अर्धवट तरंगणाऱ्या काळसर तुकड्याचा व्हिडिओ जगभर फिरला. "आत्या, आता तारांमधून वीज वाया जाणंच बंद!" असा भाच्याचा मेसेज आला. त्याचा आनंद रास्तच होता, कारण दावा खरा ठरता तर खरोखरच फार मोठी गोष्ट झाली असती. नंतर काही आठवड्यांतच ठिकठिकाणच्या प्रयोगशाळांनी तो पदार्थ स्वतः बनवून पाहिला. रोध एकाएकी घसरत होता, तो त्यात मिसळलेल्या कॉपर सल्फाइडमुळे. १०४ अंश सेल्सिअसच्या आसपास त्याची अंतर्गत रचना बदलते. जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेत या पदार्थाचा शुद्ध स्फटिक तयार केला, तर तो जांभळट, पारदर्शक आणि चक्क वीज अडवणारा निघाला! मला ही दुसरी हकिगत पहिल्या बातमीपेक्षा कितीतरी रंजक वाटते. एक दावा उघड्यावर कसा तपासला जातो, ते तिच्यात दिसतं. ती भाच्यानेच हुडकून ग्रुपवर टाकली, तेव्हापासून आमच्याकडे जुन्या बातम्यांचा माग काढण्याची सवयच लागली.

ऑगस्ट आला की 'मंगळ चंद्राएवढा दिसणार' हा निरोप फिरतो, तो आपणही पाहिला असेल. मावशीने विचारलं, हे आलं तरी कुठून? २७ ऑगस्ट २००३ रोजी मंगळ पृथ्वीपासून सुमारे ५.६ कोटी किलोमीटरवर आला होता, तेव्हाच्या एका ईमेलमधून. त्यात '७५ पट मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीतून' असा तुकडा होता, तो फिरता फिरता गळून गेला. भाचीने मग गणित मांडलं. एका अंशाचे ३६०० भाग केले की प्रत्येक भाग एक विकला. त्या दिवशी मंगळाचा आकार २५ विकला होता. गुणिले ७५ म्हणजे १८७५. पूर्ण चंद्र जवळजवळ अर्ध्या अंशाचा, म्हणजे १८०० विकलांच्या आसपास. मूळ वाक्य अगदी बरोबर होतं! आठवीतल्या मुलीने हे वहीवर करून फोटो पाठवला, तेव्हा मला तिचा फार अभिमान वाटला.

वर्तमानपत्रांतही असे तुकडे गळतात. औषधाच्या बातमीत 'उंदरांवर' हा शब्द आठव्या ओळीत सापडतो, मथळ्यात नसतो. घरात कुणी त्या आजाराने त्रस्त असेल, तर त्या एका शब्दावाचून केवढी आशा लागते, याचा विचार व्हायला हवा.

पाठपुरावा म्हणजे दरवेळी कशाचा तरी फुगा फुटणं, असंही नाही. १९७७ साली निघालेलं 'व्हॉयेजर १' हे अंतराळयान नोव्हेंबर २०२३ मध्ये निरर्थक आकडे पाठवू लागलं. 'व्हॉयेजर अखेरच्या घटका मोजतंय' अशा बातम्या आमच्या ग्रुपवर आल्या आणि सगळे हळहळले. पुढचं मात्र थोड्यांनाच ठाऊक असतं. त्याच्या संगणकातली स्मृतीची एक चिप निकामी झाली होती. तिथला प्रोग्रॅम हलवायचा, तर तो सलग मावेल एवढी जागा कुठेच नव्हती. अभियंत्यांनी त्याचे तुकडे करून वेगवेगळ्या कोपऱ्यांत बसवले आणि ते एकत्र चालतील अशी जुळणी केली, तीही २४ अब्ज किलोमीटरवरून. आज्ञा तिथे पोहोचायला साडेबावीस तास आणि उत्तर यायला तेवढाच वेळ. एप्रिल २०२४ मध्ये यानाच्या प्रकृतीची माहिती पुन्हा नीट येऊ लागली. ही बातमी पहिल्या पानावर यायला हवी होती, असं मी आजही म्हणेन.

तेव्हा तीन विनंत्या आहेत. संशोधनाच्या बातमीखाली ते कोणत्या नियतकालिकात आलं, की अजून तज्ज्ञांनी तपासायचंच आहे, एवढी एक ओळ द्यावी. प्रयोग प्राण्यांवर होता की माणसांवर, हे मथळ्यातच यावं. आणि महिन्यातून एकदा जुन्या बातम्यांच्या पाठपुराव्याची छोटी चौकट सुरू करावी. विषयांना तोटा नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये डार्ट यान डिमॉर्फस या लघुग्रहावर आदळवलं आणि त्याची जोडीच्या मोठ्या लघुग्रहाभोवतीची प्रदक्षिणा सुमारे अर्ध्या तासाने कमी झाली, हे आपण छापलं असेल. त्या धडकेने तिथे नेमकं काय झालं, हे जवळून पाहायला युरोपचं हेरा यान ऑक्टोबर २०२४ मध्ये निघालं आहे. चौकटीची सुरुवात त्यापासून करता येईल.

आपली नम्र,
एक नियमित वाचक