विषय : वाळवीला मुंग्या ठरवून केलेल्या फवारणीबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, पेस्ट कंट्रोल सेवा

महोदय,

आमचे नागपूरच्या महाल भागातले घर जुने, तळमजल्याचे, चौकटी सागवानी. आपल्याशी केलेल्या वार्षिक करारात झुरळ, मुंग्या आणि वाळवी तिन्ही आहेत. पावतीवर तसे छापलेले आहे. जूनमध्ये पहिला दमदार पाऊस पडला, त्याच संध्याकाळी ट्यूबलाइटभोवती पंखवाले किडे जमले आणि सकाळी फरशीभर नुसते पंख. फोन केल्यावर आपला माणूस आला. "काही टेन्शन नाही काकू, पावसाच्या उडत्या मुंग्या आहे ह्या," असे दारातूनच म्हणाला, ओट्याखाली आणि मोरीत फवारा मारला, सही घेतली आणि गेला.

एक किडा पांढऱ्या कागदावर घेऊन त्याने पाहिला असता तर पुढचे टळले असते. चारही पंख सारख्या लांबीचे, अंगापेक्षाही लांब. कंबर जाडच. मिशा सरळ, मणी ओवल्यासारख्या. मुंगीची कंबर एकदम बारीक, मिशा मध्येच वाकलेल्या आणि पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे असतात. मागच्या खोलीच्या चौकटीवर तर जमिनीपासून मातीची पेन्सिलीएवढी नळी चढली आहे. ती नखाने फोडली तेव्हा आत पांढुरकी वाळवी सैरावैरा धावताना दिसली. पुढे ते भोक मातीने पुन्हा बुजलेही. चौकटीवर टिचकी मारली की पोकळ आवाज येतो.

या सगळ्याचे फोटो आपल्या कार्यालयाला व्हॉट्सअॅपवर पाठवले. उत्तर आले : "सर्व्हिस पूर्ण, तक्रार बंद." कोणाची पूर्ण?

उडणारे किडे तसेही बहुतेक मरतात. लाकूड खातात त्या जमिनीखालच्या कामकरी, आणि मोरीतला फवारा त्यांच्यापर्यंत पोचत नाही. आधीच बांधलेल्या घरातल्या वाळवीसाठी भारतीय मानक ६३१३ (भाग ३) आहे : भिंत आणि फरशी जुळते तिथे साधारण ३०० मिमी अंतरावर १२ मिमीची भोके पाडून औषध खालच्या मातीत सोडायचे. हे मी आपल्याला सांगावे लागते, याचेच नवल वाटते. वर, झुरळांसाठी आपणच ओट्याखाली लावलेल्या जेलवरही तो फवारा बसला. अशा जेलकडे झुरळे फिरकत नाहीत, हे जेल लावणाऱ्या आपल्याच माणसाने बजावले होते.

तरी किडा ओळखणारा जाणकार माणूस पाठवून घराची नीट पाहणी करावी, ड्रिलिंगसह वाळवीचे काम करारातच करून द्यावे आणि जेल नव्याने लावावे. कोणते औषध वापरणार ते आधी कळवावे, डब्यावरचे लेबलही दाखवावे. घरात लहान नातू आहे. चौकटीच्या दुरुस्तीचा खर्च सुताराकडून लिहून घेऊन पाठवते, तो आपण द्यावा. पंधरा दिवसांत काम सुरू झाले नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

सोबत : पावतीची प्रत, चौकटीचे व पंखांचे फोटो.

आपली ग्राहक,
महाल, नागपूर