फ्रिजियनची ओळख कोर्टापासून करून द्या

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीतला लहान भाषांवरचा लेख वाचला. विषय घेतलात, बरे वाटले. पण फ्रिजियनच्या वाट्याला त्यात एकच वाक्य आले: इंग्रजीची सर्वांत जवळची नातेवाईक. नेदरलँड्सच्या उत्तरेला फ्रीसलँड प्रांतात लाखो लोक घरी, गोठ्यात, बाजारात जी भाषा बोलतात, तिची ओळख दुसरीच्या नात्याने का करून द्यायची? माझी सगळी नोकरी तालुक्याच्या कोर्टात झाली. त्यामुळे या भाषेची मला सर्वांत मोलाची वाटणारी हकिकत कोर्टातलीच आहे.

फ्रीसलँडमधल्या एका जनावरांच्या डॉक्टरवर किरकोळ खटला झाला. तो आपली बाजू फ्रिजियनमध्ये मांडू लागला, तर न्यायाधीशांनी ती भाषा चालवून घेतली नाही. आरोपीला डच येते ना, मग डचमध्ये बोलावे! फेडे स्ख्युरर या कवी-संपादकाने आपल्या वृत्तपत्रात त्यावर जळजळीत लिहिले आणि न्यायाधीशांच्या अवमानाचा खटला ओढवून घेतला. 16 नोव्हेंबर 1951 रोजी, शुक्रवारी, फ्रीसलँडची राजधानी असलेल्या लेवार्डनला सुनावणी होती. कोर्टाबाहेर जमलेल्या लोकांवर पोलिसांनी काठ्या चालवल्या, पाण्याचे फवारे मारले. फ्रीसलँडमध्ये तो दिवस आजही 'काठ्यांचा शुक्रवार' म्हणूनच ओळखला जातो.

त्यानंतर सरकारला हलावेच लागले. 1955 मध्ये शाळेच्या खालच्या वर्गांत फ्रिजियनमधून शिकवायला परवानगी मिळाली, 1956 च्या कायद्याने कोर्टात फ्रिजियन बोलण्याची आणि त्याच भाषेत शपथ घेण्याची मुभा दिली. प्राथमिक शाळेत हा विषय सक्तीचा व्हायला मात्र 1980 उजाडले.

पिंजऱ्यात उभा राहिलेला माणूस मी जवळून पाहिला आहे. मराठीत धडाधडा बोलणारा शेतकरी, आपले बोलणे समोर इंग्रजीत टंकले जाते आहे हे लक्षात आले की अडखळायचा, मग नुसते 'होय साहेब' म्हणू लागायचा. आपल्या जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी असल्याची अधिसूचना 1998 ची आहे, तरीही हे मी पाहिले. त्या डॉक्टरला डच येत असूनही तो का अडून बसला, हे म्हणूनच मला सांगावे लागत नाही.

कायदे झाले म्हणजे सगळे सुरळीत झाले असे नाही. फ्रिजियन बोलणारे पुष्कळ, पण ती नीट लिहू शकणारे त्या मानाने फारच थोडे. जर्मनीतल्या झाटरलँडमध्ये तर या भाषेची एक बहीण जेमतेम दोन हजार लोकांच्या तोंडी उरली आहे; चहूकडच्या दलदलीने तो मुलूख शतकानुशतके तुटक राहिला, म्हणून ती इथवर टिकली.

येत्या 16 नोव्हेंबरला स्ख्युरर यांच्यावर स्वतंत्र लेख द्यावा, ही विनंती. ते तुमच्याच व्यवसायातले होते.

आपला,
एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी, कराड