जाड ‘ई’ तार का विझते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इलेक्ट्रिक गिटारची तार एकदा छेडल्यावर हवा तितका वेळ वाजती ठेवणाऱ्या ‘सस्टेनर’चा आराखडा आपल्या विज्ञान पुरवणीत छापून आला. मराठी वृत्तपत्रात असा विषय क्वचितच येतो, म्हणून आधी आभार. पण छापलेल्या व्हॅल्यू जशाच्या तशा घेऊन सर्किट जोडले तर पातळ तारा वाजत राहतील आणि सर्वांत जाड ‘ई’ तार मात्र नेहमीपेक्षाही लवकर गप्प होईल. लॅमिंग्टन रोडवरून सामान आणून रात्री सोल्डरिंगला बसलेल्या मुलाला वाटेल, आपल्याच हातून काहीतरी चुकले. चूक त्याची नाही, आराखड्यातल्या दोन कपॅसिटरांची आहे.

तार थांबते ती ऊर्जा संपल्यामुळे. लेखात कॉम्प्रेसर पेडलही याच कामाचे म्हणून सांगितले आहे, ते बरोबर नाही. कॉम्प्रेसर विझत चाललेला आवाज मोठा करून दाखवतो. तारेला स्वतःला काहीच मिळत नाही, आणि शेवटी तो खरखरच मोठी करू लागतो. सस्टेनर तारेला ऊर्जा परत देतो. ब्रिजजवळचा (तारा गिटारच्या अंगावर टेकतात तिथला) पिकअप, म्हणजे लोहचुंबकावर गुंडाळलेली कॉइल, तारेच्या वेगाच्या प्रमाणात व्होल्टेज देतो, छोटा अँप्लिफायर ते वाढवतो आणि नेकजवळच्या, म्हणजे गिटारच्या मानेकडच्या, ‘ड्रायव्हर’ कॉइलमध्ये प्रवाह सोडतो. ही कॉइल लोखंडी तारेला खेचते. हा जोर तारेच्या वेगाच्या दिशेनेच पडला पाहिजे. झोपाळा पुढे जात असतानाच धक्का द्यावा लागतो, तसे. तारेचे एक आवर्तन ३६० अंशांचे धरले आणि प्रवाह ६० अंशांनी मागेपुढे झाला तर उपयोगी जोर निम्मा उरतो, ९० अंशांवर शून्य होतो, आणि त्यापलीकडे गेला की तोच जोर ब्रेकचे काम करतो.

आता आपला आराखडा पाहू. त्यात अँप्लिफायर आयसी एलएम ३८६ च्या आधी ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि १० किलोओहमचा पॉट (सिग्नल कमीजास्त करायची कळ) आहे. आयसीचा स्वतःचा इनपुट सुमारे ५० किलोओहमचा असतो. तो पॉटला समांतर धरला की साधारण ८.३ किलोओहम उरतात. या जोडीचा कोपरा, म्हणजे जिच्याखाली कपॅसिटर सिग्नल अडवू आणि पुढे सरकवू लागतो ती वारंवारता, १९० हर्ट्झच्या आसपास पडतो. जाड ‘ई’ची वारंवारता ८२ हर्ट्झ. म्हणजे सिग्नल इथेच सुमारे ६७ अंश पुढे सरकला. बाहेर पडताना ८ ओहमच्या कॉइलपुढे २२० मायक्रोफॅरड आहे. त्याचा कोपरा ९० हर्ट्झ, आणखी ४८ अंश. कॉइलच्या इंडक्टन्समुळे चारएक अंश परत मिळतात, ते वजा केले तरी ११० अंश होतात. तार ढकलली जात नाही, अडवली जाते. ‘ए’ तारेला ना धक्का ना अडथळा, ‘डी’ मलूल, ‘जी’ला निम्मा जोर आणि पातळ ‘ई’ मात्र झकास, असा हा चढता क्रम आहे. तो तसाच दिसला तर दोष इथेच आहे हे नक्की समजावे. आणखी एक खूण म्हणजे ड्रायव्हरच्या दोन वायरी उलटवल्या की जाड ‘ई’ कशीबशी वाजू लागते आणि पातळ तारा विझतात. पुष्कळ जण इथे वैतागून सगळे बाजूला ठेवतात.

उपाय दहा मिनिटांचा आहे. ०.१ च्या जागी १ मायक्रोफॅरड आणि २२० च्या जागी १००० मायक्रोफॅरड, १६ व्होल्टचा. दोन्ही कोपरे २० हर्ट्झच्या आसपास उतरतात, जाड ‘ई’वरची चूक २३ अंशांवर येते आणि नव्वद टक्क्यांहून जास्त जोर कामी येतो. आयसीच्या डेटाशीटमध्ये २५० मायक्रोफॅरड दिलेला असतो आणि सगळे आराखडे तिथूनच उचललेले दिसतात. पण ते सर्किट छोट्या स्पीकरसाठी आहे, आणि स्पीकरला फेजशी, म्हणजे या मागेपुढे सरकण्याशी, काही देणेघेणे नसते.

लेखातली दुसरी सूचना, गिटारमधला जुना नेक पिकअपच ड्रायव्हर म्हणून वापरावा, ही तर मुळीच चालणार नाही. साध्या पिकअपमध्ये साधारण आठ हजार वेढे आणि सात किलोओहमचा रोध असतो. तीन व्होल्ट दिले तर अर्धा मिलिअँपिअरही वाहत नाही. वेढ्यांनी गुणले (कॉइलचा जोर याच गुणाकारावर ठरतो) तरी साडेतीन अँपिअर-वेढ्यांच्या आतच. तेच तीन व्होल्ट ८ ओहम आणि शंभर वेढ्यांच्या कॉइलला दिले तर सदतीस. पिकअपचा काही हेन्रींचा इंडक्टन्स प्रवाहाला मागे ओढतो, तो तोटा वेगळाच.

तेव्हा कॉइल स्वतः गुंडाळावी. ३६ गेजची इनॅमल तांब्याची तार लागते, जाडी ०.१९ मिलिमीटर. ८ ओहमसाठी साडेतेरा मीटर पुरते. वजनात ती चार ग्रॅमही भरत नाही, पण दुकानदार शंभर ग्रॅमखाली तोलत नाही, म्हणजे चुकायला भरपूर वाव. मध्ये ३ मिलिमीटर जाड, ६० मिलिमीटर लांब मऊ लोखंडाची पट्टी, वर-खाली पुठ्ठ्याच्या किंवा प्लास्टिकच्या पातळ कडा आणि दोन कडांमध्ये तीनच मिलिमीटर उंचीची जागा. कॉइल जितकी बुटकी आणि तारांच्या जवळ, तितका जोर वरच्या टोकाशी राहतो. शंभराच्या आसपास वेढे होतील. मोजत बसण्यापेक्षा मल्टिमीटर लावून ८ ओहमवर थांबावे. पट्टीच्या खाली फेराइटचे लोहचुंबक चिकटवायचे. ते विसरू नये. नुसत्या लोखंडाच्या गाभ्यावर प्रवाह कुठल्याही दिशेने वाहिला तरी तार आतच खेचली जाते, म्हणजे एका आवर्तनात दोन धक्के, आणि सगळा जोर वरच्या सप्तकात निघून जातो.

वेढे घट्ट हवेत आणि एकमेकांना चिकटलेले हवेत. सैल वेढे स्वतःच थरथरतात आणि त्यातून शिट्टी उठते. दर थरावर फेव्हिकॉलचा हात फिरवणे ही चांगली पद्धत, पण ती हिवाळ्याची. जुलैत मुंबईच्या दमट हवेत आतल्या थरातला फेव्हिकॉल सुकता सुकत नाही, आणि ओल्या कॉइलची चाचणी घेऊन काही निष्कर्ष काढण्यात अर्थ नसतो. पावसाळ्यात दोन नळ्यांचे इपॉक्सी बरे. पट्टीवरही वार्निशचा हात द्यावा, नाहीतर दिवाळीपर्यंत ती गंजते.

उरलेले सर्किट सोपे आहे. पिकअप थेट आयसीला जोडू नये. ५० किलोओहमचा भार त्याला जड जातो आणि गिटारचा मूळ आवाजच बोथट होतो. मध्ये टीएल ०७१ या आयसीचा बफर (पिकअपवर भार न टाकता सिग्नल पुढे देणारा टप्पा) घालावा, इनपुटला १ मेगाओहम, आणि ९ व्होल्टच्या एकाच बॅटरीतून दोन १० किलोओहमच्या रेझिस्टरांनी अर्धे व्होल्टेज काढून त्या मेगाओहमच्या खाली द्यावे. त्या मधल्या बिंदूपासून ग्राउंडला ४७ मायक्रोफॅरड. पिकअप आणि बफर यांच्यामध्ये ०.०४७ मायक्रोफॅरड चालतो, कारण इथे समोर मेगाओहम आहे. एलएम ३८६ मध्ये पिन २ आणि ४ ग्राउंडला, सिग्नल पिन ३ वर, बॅटरी पिन ६ वर, आणि त्याच पिनला अगदी खेटून २२० आणि ०.१ मायक्रोफॅरड ग्राउंडला. पिन ५ पासून १० ओहम आणि ०.०४७ मायक्रोफॅरड एकापुढे एक जोडून ग्राउंडला. ही जोडी आराखड्यात गाळलेली आहे. ती नसेल तर आयसी कानाला ऐकू न येणाऱ्या वारंवारतेवर स्वतःच कंप पावतो, गरम होतो आणि बॅटरी खातो. पिन १ आणि ८ मोकळ्या ठेवल्या तर गेन (सिग्नल किती पट वाढतो तो आकडा) २०, जो विझत्या तारेला अपुरा पडतो. दोन्हींमध्ये १.२ किलोओहम आणि १० मायक्रोफॅरड एकापुढे एक जोडले की ५० मिळतो. तेवढा पुरे. २०० वर नेण्याचा मोह होतो, पण मग शिट्टीशिवाय हाती काही लागत नाही.

शिट्टी हाच या खेळातला खरा शत्रू आहे. ड्रायव्हरचे चुंबकीय क्षेत्र तार मध्ये न घेता सरळ पिकअपपर्यंत पोचते आणि वर्तुळ हवेतूनच पूर्ण होते. यावर अंतर हा पहिला उपाय: ड्रायव्हर नेकपाशी, सिग्नल फक्त ब्रिज पिकअपचा. तिथे हमबकर (जोडकॉइलचा पिकअप) असेल तर त्याच्या दोन कॉइली एकमेकींच्या विरुद्ध असल्याने दूरचे क्षेत्र बरेचसे रद्द होते. अॅल्युमिनियमची फॉइल गुंडाळून मात्र काही साधत नाही. ती ट्यूबलाइटची घरघर अडवते, ड्रायव्हरचे चुंबकीय क्षेत्र नाही. मधला पिकअप सिलेक्टरने बंद केला तरी त्याचे एक टोक जोडलेलेच राहते आणि तो मधल्या मध्ये क्षेत्र पकडत बसतो. सस्टेनर चालू करताना त्याची दोन्ही टोके सुटतील असा चार पोलचा स्विच घ्यावा. ड्रायव्हरच्या दोन वायरी एकमेकींना पीळ देऊन न्याव्यात आणि त्यांचे ग्राउंड थेट बॅटरीच्या ऋण टोकाला आणावे, पिकअपच्या ग्राउंडवर वाटेत कुठेतरी नव्हे.

पट्टी आणि तार यांच्यात तीन-चार मिलिमीटर ठेवावेत. फार जवळ आणले तर चुंबकच तारेला ओढून धरते आणि वरच्या पडद्यांवर सूर हलू लागतो. पातळ ‘ई’वर बाविसाव्या पडद्याला जोर कमी वाटेल, तो दोष धरू नये: कॉइलचा इंडक्टन्स एक मिलिहेन्री धरला तर तिथल्या ११७५ हर्ट्झला प्रवाह जवळपास ४५ अंश मागे पडतो, शिवाय घटतोही, आणि उपयोगी जोर निम्म्यावर येतो. कमी वेढ्यांची कॉइल केली तर हे सुधारते, पण बॅटरी आणखी लवकर बसते. तशीही ९ व्होल्टची अल्कलाइन बॅटरी सलग वाजवण्यात पाच-सहा तासच जाते. तरी बॅटरीऐवजी मोबाइलचा चार्जर लावण्याची युक्ती करू नये, घरघर येते. त्याहून महत्त्वाचे असे की गिटारच्या तारा अँपच्या ग्राउंडला जोडलेल्या असतात, आणि जुन्या चाळींतल्या तीन पिनच्या सॉकेटांत अर्थिंग पुष्कळदा नावापुरतेच असते. ते आधी इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे.

ड्रायव्हरच्या वायरी उलटवणारा छोटा स्विच जरूर बसवावा, पण तो दुरुस्ती म्हणून नव्हे. नेक पिकअपची जागा उघड्या तारेच्या साधारण चौथ्या भागावर येते. तिथे चौथ्या हार्मोनिकचा (मूळ स्वराच्या चौपट वारंवारतेच्या कंपनाचा) निस्पंद, म्हणजे न हलणारा बिंदू, पडतो. त्याखालचे तीन हार्मोनिक ब्रिजपाशी आणि इथे एकाच दिशेने हलतात. पाचवा, सहावा, सातवा उलट दिशेने. वायरी उलटवल्या की मूळ स्वर अडतो आणि वरचे हार्मोनिक फुलून येतात. अमेरिकेत ग्रेग हीट यांचा ‘ई-बो’ १९७६ पासून बाजारात आहे. त्यातला हार्मोनिकचा स्विचही फेज उलटवूनच चालतो. ते हातात धरायचे यंत्र आहे, दोन शेजारच्या तारांवर टेकवून मधली एकच तार वाजवणारे. ज्यांना गिटारला भोक पाडायचे नाही त्यांनी काही हजार मोजून तेच घ्यावे, त्यात कमीपणा नाही. कॅनडाच्या मायकेल ब्रूक यांची १९८० च्या दशकातली ‘इन्फिनिट गिटार’ मात्र आपण इथे बोलतो आहोत त्याच जातीची.

अँपचा आवाज चढवून, स्पीकरसमोर उभे राहून फीडबॅक घेण्याचा मार्गही लेखात सांगितला आहे. तो चालतो, पण प्रत्येक स्वराला उभे राहण्याची जागा वेगळी. इंग्लिश गिटारवादक रॉबर्ट फ्रिप यांनी १९७७ साली गायक डेव्हिड बोवी यांच्यासाठी वाजवताना जमिनीवर तशा खुणा करून घेतल्या होत्या. त्यांना बर्लिनचा मोठा स्टुडिओ होता. आपल्याकडे ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहेत, आणि खालच्या मजल्यावरचे काका त्याहूनही कमी सोसतात. सस्टेनर हेडफोन लावूनही तितकाच चालतो, हे या शहरात त्याचे मोठे मोल.

पुरवणीच्या पुढच्या अंकात निदान त्या दोन कपॅसिटरांची आणि १० ओहमच्या जोडीची दुरुस्ती छापावी ही विनंती. मुले तो आराखडा कापून ठेवतात.

हे सतार-तानपुऱ्याला लागू पडेल का, असा प्रश्न लेखाच्या शेवटी विचारला आहे. पोलादी तारांना पडेल: सतारीची बाजाची तार, तानपुऱ्याची जोडी. पितळ किंवा ब्राँझच्या खर्जाला चुंबक धरत नाही, तिथे यातले काहीच चालणार नाही.

आपला,
गिटारच्या वायरिंगची कामे करणारा एक वाचक
गिरगाव, मुंबई