ताणातल्या ज्वारीला वाढीचे औषध नको

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मंगळवेढ्याच्या काळ्या रानात आम्ही रब्बी ज्वारी करतो. परतीच्या पावसाची रानात मुरलेली ओल, एवढ्यावरच हे पीक येते. यंदा ज्वारी पोटरीत (कणीस अजून पानाच्या आवरणात असते त्या अवस्थेत) येता येताच रान भेगाळले. शेजारच्या पोराने दुकानातून ‘दुष्काळाचे टॉनिक’ म्हणून बाटली आणली. घटक वाचला, तर जिब्रेलिक आम्ल, म्हणजे पीक वाढवणारे संजीवक (हार्मोन)! द्राक्षबागायतदार घड लांबवायला वापरतात, तेच. बागेत ठिबकचे पाणी असते. तहानलेल्या कोरडवाहू ज्वारीवर ते मारायला सांगणे चूक आहे, आणि का ते शेतकऱ्याला कळले पाहिजे.

ओल तुटू लागली की पीक स्वतःच अ‍ॅब्सिसिक आम्ल नावाचे संजीवक वाढवते. त्यामुळे पानावरच्या रंध्रांच्या, म्हणजे बारीक छिद्रांच्या, कडेच्या रक्षक पेशींतून पोटॅशियम बाहेर जाते, पाठोपाठ पाणी जाते, पेशी सैल पडतात आणि रंध्र मिटते. पानातून उडून जाणारे पाणी वाचते. त्याच वेळी पिकातल्या जिब्रेलिनचा (बाटलीतले आम्ल याच गटातले) जोर कमी होऊन शेंड्याची वाढ आखडते. हे सारे पीक जगण्यासाठी करत असते आणि आपण वरून फवारून त्याला ‘वाढ’ म्हणतो! अर्थात रंध्रे मिटली की हवेतला कार्बन डायऑक्साइडही आत येत नाही, अन्न कमी तयार होते. म्हणून ताण लांबला की उतारा घटतोच.

दाणा भरताना खरा प्रश्न पानांचा असतो. मुळांकडून येणारे, पान हिरवे ठेवणारे सायटोकायनिन हे संजीवक घटले आणि पान पिकवणारे इथिलीन वाढले की पाने लवकर वाळतात. मग कणीस ताटातली साखर ओढते, ताट पोकळ होते आणि खडखड्या हा बुरशीचा रोग शिरतो. अशा ताटाचे बूड चिरून पाहा: आत नुसते धागे आणि त्यांवर काळी भुकटी. ज्या वाणांची वरची पाने शेवटपर्यंत हिरवी राहतात, ती ज्वारी सहसा लोळत नाही, दाणाही टपोरा भरतो. त्यामुळे बाटलीपेक्षा वाणाला मोल आहे. हलक्या रानात फुले अनुराधा, मध्यम रानात फुले सुचित्रा, भारी रानात फुले वसुधा, ही राहुरीच्या विद्यापीठाची शिफारस दुकानदार का सांगत नाहीत? वेळेवर कोळपणी करून भेगा बुजवल्या आणि शक्य असेल तर पोटरीत एक पाणी दिले, तर त्याचा गुण कोणत्याही टॉनिकपेक्षा जास्त.

2021 मध्ये केंद्राने जैव उत्तेजके (पिकाची वाढ व ताण सोसण्याची ताकद वाढवायला विकली जाणारी द्रव्ये) खत नियंत्रण आदेशाखाली आणली. जिब्रेलिक आम्ल तर कीटकनाशक कायद्याखाली नोंदले जाते. तेव्हा कृषी विभागाने पेरणीआधी दुकानांची तपासणी करावी. कोणते संजीवक, कोणत्या पिकाला, कोणत्या अवस्थेत आणि ताण असताना चालते की नाही, हे दुकानाच्या दर्शनी भागात ठळक मराठीत लावायला लावावे.

– एक ज्वारी उत्पादक, मंगळवेढा (जि. सोलापूर)