तीन दगडांची चूल आणि आईचे ड्रॉप्स

आदरणीय सर,

सादर नमस्कार.

नाव घालत नाही, तुम्हाला आवडणार नाही. बेळगावच्या टिळकवाडीत दुसऱ्या गेटाजवळ कुणाच्या व्हरांड्यात शनिवारी फळा लागायचा, हे जाणणारे जाणतील.

एम.एस्सी.ला झिंक असलेल्या एन्झाइम्सचे इनहिबिटर (म्हणजे त्यांचं काम अडवणारे रेणू) हा भाग मला पाठ होता, समजला मात्र नव्हता. दहावीपर्यंत मराठी शाळा, पुढे एकदम इंग्रजी. शंका विचारली की ‘पुस्तकात आहे’ असं उत्तर मिळायचं. खानापूरहून बसनं यायचे. रेल्वेचं गेट पडलेलं असलं की उशीर ठरलेलाच, पण तुम्ही कधी घड्याळाकडे बघितलं नाही.

पहिल्याच दिवशी म्हणालात, “चूल काढ की. तीन दगडांची.” कार्बन डायऑक्साइडवर काम करणाऱ्या कार्बॉनिक अ‍ॅनहायड्रेजमधले हिस्टिडीन ९४, ९६ आणि ११९ ही अमिनो आम्लं म्हणजे तीन दगड, त्यांच्यावर झिंक, आणि झिंकच्या चौथ्या हाताला पाण्याचा रेणू. आजीच्या चुलीपुढं वाढलेल्या मला टेट्राहेड्रल (चार कोपऱ्यांची) रचना म्हणजे काय, ते तेव्हा दिसलं. एरवी पाणी सहजी प्रोटॉन सोडत नाही. झिंकला चिकटलं की त्याचा पीकेए (जितका कमी, तितका प्रोटॉन सहज सुटतो) ७ च्या आसपास उतरतो आणि तिथं हायड्रॉक्साइड तयार होतो. तोच कार्बन डायऑक्साइडवर तुटून पडतो, सेकंदाला सुमारे १० लाख वेळा.

मग सल्फोनामाइड, म्हणजे या एन्झाइमला अडवणाऱ्या औषधांमधला गंधक-नायट्रोजनचा गट. मी ऑक्सिजनकडून झिंककडे बाण काढला होता. तुम्ही तो खोडला नाहीत, फक्त विचारलंत, “नायट्रोजनचा प्रोटॉन कुठं गेला?” पुढचा शनिवार येईपर्यंत मी तेच शोधत होते. प्रोटॉन गेला की नायट्रोजन ऋणभारित होतो, पाण्याला हुसकून थेट झिंकवर बसतो, आणि उरलेला एक हायड्रोजन शेजारच्या थ्रिओनीन १९९ या अमिनो आम्लाला धरतो. म्हणून त्या नायट्रोजनवर दोन्ही हायड्रोजन मोकळे लागतात. एकाच्या जागी दुसरा गट लावला की ही पकड बहुधा सुटते. झिंकला धरणारा गट तोच, पण रेणूची शेपटी खळग्यात कशी बसते यावर औषध कुठल्या एन्झाइमला किती धरेल ते ठरतं, हेही तुम्हीच दाखवलंत. केलिन आणि मान या शास्त्रज्ञांनी १९४० मध्ये या एन्झाइममध्ये झिंक असल्याचं दाखवलं, आणि सल्फानिलामाइड त्याला अडवतं हेही त्याच वर्षी कळलं. हे सांगताना तुमचा चेहरा असा, जणू बातमी कालचीच!

कॅप्टोप्रिल, झिंकच्याच दुसऱ्या एका एन्झाइमला अडवणारं बीपीचं औषध, आपलं एका बैठकीत उरकलं: ब्राझीलच्या विषारी सापापासून निघालेला धागा, आणि झिंकला धरणारा गंधक. बाबांची बीपीची गोळी त्याच घराण्यातली, फक्त तिथं गंधकाऐवजी कार्बॉक्सिलेट.

पण खरे आभार आईच्या वतीनं. काचबिंदूसाठी तिला आधी अ‍ॅसिटाझोलामाइडच्या गोळ्या होत्या. बोटांना मुंग्या येतात म्हणून घाबरायची. मग डोर्झोलामाइडचे ड्रॉप्स आले, तर म्हणे तोंड कडू होतं. तुम्ही तिलाच समोर बसवून चूल काढून दाखवलीत. दोन्ही औषधं सल्फोनामाइडच; त्यांनी डोळ्यातला हाच एन्झाइम अडवला की बायकार्बोनेट कमी, म्हणून आतलं पाणी कमी, म्हणून दाब कमी. आणि थेंब नाकावाटे घशात उतरतो, म्हणून कडू. ड्रॉप घातल्यावर डोळ्याचा नाकाकडचा कोपरा बोटानं दाबून धर, म्हणालात.

धरते ती. कडू कमी लागतं म्हणते. तुमची फळ्यावरची चूल तिनं कॅलेंडरच्या पाठीमागं काढून ठेवली आहे, झिंकच्या जागी भाताचं पातेलं.

तुमची विद्यार्थिनी