व्यसनाच्या बातमीसोबत ‘चांदी’चा फोटो नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२६ जूनच्या अमली पदार्थविरोधी दिनाची बातमी आपण ठळक छापलीत, त्याबद्दल आभार. सोबत मात्र चांदीच्या कागदावर पसरलेल्या पावडरीचा मोठा फोटो होता. माझ्या धाकट्या भावाने गर्द, म्हणजे चांदीवर ओढली जाणारी हेरॉइनची भुकटी, सोडून दीड वर्ष झाले आहे. फोटो दिसताच त्याने पेपर पालथा घातला. “ताई, पोटात पीळ पडला,” एवढेच म्हणाला. तळहात घामाने ओले झाले होते.

पहिल्यांदा तो व्यसनमुक्ती केंद्रातून परतला, तेव्हा आम्हाला वाटले, सुटला. आठवड्याच्या आत जुन्या कट्ट्यावरून जाताना ‘टर्की’ (नशा न मिळाल्याने होणारा शारीरिक त्रास) लागल्यासारखे झाले आणि तो घसरला. “तुझ्यात जिद्दच नाही,” असे मी तेव्हा बोलले. ते शब्द आजही मला टोचतात.

समुपदेशकांनी नंतर समजावले. रशियन शास्त्रज्ञ पावलॉव्हच्या कुत्र्याच्या तोंडाला जसे खाण्याआधी नेहमी ऐकू येणाऱ्या नुसत्या आवाजाने पाणी सुटे, तसेच हे. गर्द शरीरातून काही दिवसांत निघून जाते. चांदी, काडीचा आवाज, तो कट्टा, हातात आलेला पगार यांच्याशी मेंदूने जोडलेले नाते राहते. ते पुसले जात नाही. त्यावर ‘या खुणा दिसल्या तरी आता नशा येत नाही’ असा नवा धडा गिरवावा लागतो, आणि हा धडा जिथे शिकला त्या जागेला धरून राहतो. केंद्रातली शांती कट्ट्यावर म्हणूनच कामी आली नाही. दुसऱ्या खेपेस त्यांच्याच सल्ल्याने मी भावासोबत रोज त्याच रस्त्याने चालले. कधी तो मध्येच थांबे, माझा दंड घट्ट धरी. तलफ ओसरली की पुढे निघायचो.

चिनी संशोधकांनी २०१२ मध्ये हेरॉइन सोडलेल्यांना आधी काही मिनिटे नशेची दृश्ये दाखवून आठवण जागी केली आणि दहा मिनिटांनी तीच दृश्ये, नशेविना, बराच वेळ दाखवली. सहा महिन्यांनीही त्यांची तलफ कमी होती. हा उपचार अजून सर्रास रुळलेला नाही. पण तिथे दृश्ये दाखवायला जाणकार शेजारी होते. सकाळच्या चहासोबत पेपर उघडणाऱ्याजवळ कोण असते?

१९८६ पासून ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र ज्या शहरात उभे आहे, त्या पुण्यात असे बरे होत असलेले वाचक घरोघरी असतील. अशा बातम्यांसोबत पावडर, चांदी, सुई यांचे फोटो कृपया छापू नयेत. त्या जागी व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ मोठ्या अक्षरांत द्यावी.

– एक वाचक भगिनी, कसबा पेठ, पुणे
(भावासाठी नाव छापू नये, ही विनंती.)